वॉरंट सगळ्यांच्या नावानं

जना पंखे बांधते, मिक्सर बांधते, जळलेल्या मोटारी बांधते, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळते. तिच्या खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी असते. आत पक्कड, पाने, टेस्टर, मीटर आणि फडक्यात दोन भाकऱ्या.

शाळा नववीत सुटली. पुढे ती कर्जतच्या बाजारात अब्बासचाचांच्या वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारायला लागली. एकदा केर काढता काढता तिनं विचारलं, "चाचा, ह्या मोटारीला वेढे कमी का घातले?" चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. वेढे मोजले. कमीच होते. दुसऱ्या दिवशी झाडू चाचांनी हातात घेतला आणि जनाला बाकावर बसवलं.

तिची कळकवाडी डोंगराच्या पोटात आहे. सोळा घरं, सगळी ठाकरांची. विहीर खूप खाली, ओढ्याकाठी. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीनं विहिरीजवळ सौरपंप बसवला आणि वर टाकी बांधली. उद्घाटनाला टोप्या वाटल्या. "हरित ग्राम" असा फलक लागला. साहेब गेले. टोप्या पोरांनी हरवल्या. पाणी मात्र राहिलं.

त्या पाण्यावर वाडीनं मिळून टाकीखाली मळा केला. भेंडी, गवार, काकडी. माल कर्जतला जायचा. दरवर्षी दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर निघायची. घरांना काटे लावून, कोंबड्यांसकट. त्या दोन वर्षांत एकही घर गेलं नाही.

फेब्रुवारीत पंप बंद पडला.

जनानं कंपनीच्या नंबरवर फोन लावला. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल, असं सांगितलं. तीन आठवडे ती हेच ऐकत राहिली. भेंडी वाळली. गवारीची पानं गळाली. वाडीखाली दत्ता मुकादमाचा टेंपो येऊन थांबू लागला. दत्ता वाडीचाच, माणसं भट्टीवर न्यायचं काम करायचा. दोन घरं त्याच्या टेंपोत बसून गेलीसुद्धा.

"पंपाच्या खोलीतलं वायरिंगचं खोकं मी उघडून बघू का?" जनानं फोनवर विचारलं.

"मॅडम, सील तोडलं तर वॉरंटी जाईल."

फोन स्पीकरवर होता. ओट्यावर बसलेल्या हिरूबाबांनी मान वर केली. तरुणपणी जंगलातून आणलेल्या वाळक्या लाकडाच्या एका मोळीपायी त्यांच्या नावानं वॉरंट निघालं होतं. चार दिवस कोठडीत काढले होते. इंग्रजीतला तो एक शब्द त्यांना पक्का येत होता.

"वॉरंट काढनार म्हनत्यात?"

"वॉरंट नाय बाबा. वॉरंटी. म्हंजे बिघडलं तर दुरुस्त करून देऊ, असा त्यांचा शब्द."

"मग बिघडलंय की."

"हां."

"दिलं का करून?"

"नाय."

"मग त्यो शब्द गेला तर जाऊ दे. वॉरंटाचं सांग."

हसायला कोणालाच आलं नाही. पोलिसांचं भय वाडीत सगळ्यांनाच होतं. दत्ता ओट्याखाली उभा राहून ऐकत होता. "जना, तू आपले पंखे बांध गं," तो म्हणाला. "कंपनीची वस्तू हाय. उद्या पोलीस आले तर तुझा चाचा येनार का सोडवायला? शुक्रवारी टेंपो भरनार हाय मी. ज्याला यायचं त्यानं बोचकं बांधावं."

जना मनात हिशेब करत होती. खोकं उघडूनही पंप चालला नाही, तर शुक्रवारी सगळी वाडी जाणार होती. मग दत्ताचंच खरं ठरणार होतं.

हिरूबाबांनी तोंडातलं पान थुंकलं. "किती स्क्रू हायत गं त्या खोक्याला?"

"सहा."

"मग तू एकटीनं हात लावू नको. सगळे लावू. वॉरंट काढायचं तर सगळ्यांच्या नावानं काढू दे. माझ्या टायमाला मी एकटा होतो. म्हणून नेला."

दुसऱ्या दिवशी जना कर्जतला गेली. अब्बासचाचांनी लागतील तसे फ्यूज, तारा, तारेच्या टोकाला बसवायची टोपणं पिशवीत भरली. "सीलला काय घाबरतेस? सील म्हंजे चिकटवलेला कागद," ते म्हणाले. "उन्हाला घाबर. स्विच बंद केला तरी पॅनलकडची तार जिवंत असते. आधी ऊन मार."

"ऊन कसं मारू चाचा?"

"झाक."

गुरुवारी सकाळी वाडीनं गोधड्या काढल्या. बाळंतिणीची, म्हाताऱ्याची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. दुहेरी, तिहेरी घालून पॅनल झाकले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, साऱ्या वाडीनं अंथरुणं वाळत घातलीत. जनानं स्विच पाडला. मीटर लावला. काटा हलला नाही. तिनं नखानं सील सोललं आणि बाजूला झाली.

पहिला स्क्रू हिरूबाबांनी फिरवला. पेचकस दोनदा निसटला. मग बायका पुढे आल्या. एकेका स्क्रूला तीन-तीन हात लागले. कोणी अर्धा वेढा दिला, कोणी नुसता हात टेकवला. शेवटचा वेढा दत्ताच्या आईनं दिला. दत्ता टेंपोत बसून बघत होता.

झाकण निघालं. आत दोन तारांच्या मध्ये एक पाल वाळून कोळसा झाली होती. तिच्याबरोबर फ्यूज गेला होता, तारेचं एक टोक जळालं होतं. बाकी सगळं ठीक.

"एवढीशी?" कोणीतरी म्हणालं.

जनानं खोक्याच्या बुडाशी बोट घातलं. तार आत घ्यायला पाडलेलं भोक बसवणाऱ्यांनी तसंच उघडं ठेवलं होतं. समोर सील होतं, खाली पालीला वाट होती.

तिनं जळकं टोक छाटलं, नवं टोपण दाबून बसवलं. फ्यूज घातला. भोक पुटीनं बुजवलं. झाकण लावून स्विच चढवला. मग एकेक गोधडी उतरली. चौथ्या गोधडीला विहिरीतून गुंजल्यासारखा आवाज आला. पण पाइप लांब, चढ मोठा. बऱ्याच वेळानं, पाणी पडल्याची खूण म्हणून, वर टाकीवर बसवलेल्या पोरीनं रिकामा हंडा बडवला.

शुक्रवारी दत्ताचा टेंपो रिकामा गेला. भट्टीवर गेलेल्या दोन घरांचे वाफे उरलेल्यांनी आळीपाळीनं भिजवले.

नवव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. ऋषिकेश नाव, कोवळा इंजिनिअर, बुटांवर धूळ. पंप चालू बघून तो आधी खूश झाला. मग त्याला सोललेलं सील दिसलं.

"हे कोणी तोडलं? फॉर्मवर नाव लिहावं लागतं."

"हिरू दामा वारे," हिरूबाबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली होती.

"मी पन," दत्ताची आई म्हणाली. तिनं नाव सांगितलं. मग तिच्या शेजारणीनं. मग पुढचीनं. ऋषिकेशचं पेन पहिल्या नावावरच अडलं. फॉर्मवर जागा एका ओळीची होती.

"वॉरंटी गेली म्हणून लिहा," जना म्हणाली. "आमी अंगठे देतो. पन आतल्या वायरिंगचा नकाशा ठेवून जा."

"तो देता येत नाही."

"मंग राहू द्या. मी काढलाय."

पंपाच्या खोलीच्या भिंतीवर तिनं लाल-काळ्या रंगात प्रत्येक तार काढली होती. जिथं पाल सापडली तिथं पालही होती. ऋषिकेश ते चित्र बघत राहिला. मग त्यानं खोक्यात डोकावून तारेचं टोक ओढून पाहिलं. "पक्कं बसवलंय," तो पुटपुटला. जरा घुटमळून म्हणाला, "ताई, खालापूरकडच्या एका वाडीत असाच पंप पाच महिने बंद आहे. आमच्याकडे माणूस नाही. याल का?"

"येईन. दिवसाचा रोज घेईन. पन खोकं मी उघडनार नाय."

"मग?"

"तिथली मानसं उघडतील. घराघरातून येऊन. मी आत बघेन."

ऋषिकेशनं हिरूबाबांकडे पाहिलं. बाबा दोन्ही मनगटं जोडून पुढे धरून उभे होते, पूर्वी एकदा उभे राहिले होते तसे. पण या वेळी ते हसत होते.

त्यानं हिरूबाबांचं नाव खोडलं. 'सील तोडणाऱ्याचं नाव' या ओळीपुढे लिहिलं: कळकवाडी.