अण्णांचा डावा कान

आई पळीत तेल तापवायची आणि त्यात लसणाची एक पाकळी ठेचून टाकायची. पाकळी तांबूस झाली की गॅस बंद. मग तेलाचा एक थेंब स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची, लहान बाळाचं दूध बघतात तसा. "या आता," म्हणायची. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते ऐकू जायचं नाही. मग ती हातानं खूण करायची आणि अण्णा मुकाट्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे व्हायचे.

हे गेल्या हिवाळ्यातलं. आमच्या हातात आठ दिवस होते.

अण्णा चितेगावच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत. आम्ही शहरात, पैठण रोडला, दोन खोल्यांत राहतो. एके दिवशी एक ट्रेलर मागं येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि अण्णा त्याच्याकडे पाठ करून उभे होते. कुणीतरी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. सुपरवायझर माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "काका, पुढच्या सोमवारपर्यंत कान तपासून कागद आणा. ऐकू येतं असं लिहिलेलं असलं तर फाटक तुमचंच. नाहीतर मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

अण्णांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आत्ता दवाखान्यात जायचं नाय. बहिरा म्हणून एकदा कागदावर आलं की संपलं. आधी घरी कान मोकळा करू, मग जाऊ."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले, आता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. मी त्यांना तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. नेलं नाही, कारण त्या कागदाची भीती मलाही वाटत होती. नोकरी गेली तरी घर चाललं असतं. पण खाकी शर्टाला रोज स्वतः इस्त्री करणारा हा माणूस सकाळी उठून काय करील, हे मला दिसत नव्हतं.

त्यांना कधीपासून कमी ऐकू येत होतं, हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. आमचं गाव गंगापूरकडं. तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, अण्णांनी पुष्कळ हंगाम काढले. यंत्रं सुरू झाली की शेजारच्याशी बोलायला तोंड त्याच्या कानापाशी न्यावं लागे. तिथले गडी समोरच्या ढिगातली चिमूटभर रुई घेत, तळहातावर तिचा बोळा वळत आणि कानात बसवत. सुट्टी झाली की बोळे काढून फाटकाशी टाकायचे. मी डबा घेऊन जायची तेव्हा ते जमिनीवर पडलेले दिसत. आम्ही मुली त्यांना बगळ्याची अंडी म्हणायचो.

पहिले दोन दिवस लसणाचं तेल झालं. तिसऱ्या दिवशी आईनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं. शेजारच्या खाला बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भाभी, लसूण से क्या होता? हमारे अब्बा के कान में रोगन-बदाम डालते थे. आखिर तक मच्छर की आवाज बी सुनते थे."

"आमच्या ह्यांला मच्छर नको," आई म्हणाली. "ट्रेलर ऐकू आला तरी बास."

आम्ही तिघी हसलो. अण्णांनी आमच्या तोंडांकडं पाहिलं आणि थोड्या उशिरानं तेही हसले. काही न ऐकता, आमचं बघून. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

संध्याकाळी खालांनी बदामाच्या तेलाची बाटली आणून दिली. तेही घातलं. आईनं केसातला आकडा काढला तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

चौथ्या दिवशी मी माझं शहाणपण केलं. मेडिकलमधून मळ मऊ करणारे थेंब आणले. सोबतची चिठ्ठी तीनदा वाचली. कानात काही अडकलेलं असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं, असं तिच्यात लिहिलं होतं. कानात काय अडकणार, असं मी मनाशी म्हटलं आणि दोन्ही कानांत थेंब सोडले. बगळ्याची अंडी मला आठवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा डावा कान ठणकत होता. मी अगदी जवळ जाऊन हाक मारली, त्यांनी नुसती मान हलवली. तोवर डाव्या कानानं जे थोडंफार ऐकू यायचं, तेही बंद झालं होतं.

"माझ्या तेलानं बरं नसंल झालं, पण बिघडलंही नव्हतं," आई चहा गाळता गाळता म्हणाली. "हे शिकलेल्या हाताचं औषध." तिचं खरं होतं.

त्याच दिवशी रजा टाकून मी अण्णांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं कानात उजेड टाकून पाहिलं आणि विचारलं, "घरी काय काय घातलंत?"

"लसणाचं तेल. बदामाचं तेल. मिठाचा शेक दिला. हे थेंब."

"काही राहिलं का?"

"आकडा घालू दिला नाही."

"तेवढे उपकार केलेत," ती म्हणाली आणि कामाला लागली.

डाव्या कानातून चिमट्यात आलं ते मला आधी मळच वाटलं. काळपट, तेलकट, वाटाण्याएवढं. तिनं ते ट्रेमध्ये ठेवून चिमट्यानं उकललं. आत धागे होते. "कापूस आहे हा," ती म्हणाली. "आणि भोवती मळ. तुमच्या थेंबांनी तो फुगला."

अण्णा छताकडं बघत होते. "पंखा वाजतोय का हा?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी ट्रेकडं पाहिलं, पुढं झुकून त्यातला एक धागा उचलला आणि दोन बोटांत ओढून पाहिला, कापसाचा धागा जोखतात तसा. "जिनिंगची रुई हाय," ते म्हणाले. "तुझ्या निकालाचा फोन आला होता ना, त्या दिवशीची असंल. एक बोळा काढून फोन घेतला. तसाच पळत घरी आलो."

त्याला सहा वर्षं झाली. तो त्याच दिवशीचा बोळा असेल की दुसऱ्या कुठल्या दिवशीचा, कोण सांगणार? मी त्यांना टोकलं नाही.

दुपारी बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. डावा कान वयाच्या मानानं बरा होता. उजवा यंत्रांच्या आवाजानं झिजला होता. तिथून काढण्यासारखं काही नव्हतं.

कागद इंग्रजीत होता. बाहेर बाकावर बसल्यावर अण्णांनी तो माझ्या हातात दिला. "वाच, माय."

फक्त डाव्या कानाचं सांगावं, असं एक क्षण मनात आलं. पण ज्यांनी मला वाचायला पाठवलं, त्यांना चुकीचं कसं वाचून दाखवणार? मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ओरडावं लागलं नाही.

"म्हंजे उजवा गेला," अण्णा म्हणाले.

"व्हय, अण्णा."

"तेलानं नाय यायचा?"

"नाही."

त्यांनी कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. "चल. सोमवारची वाट कशाला बघायची?"

चितेगावला मी फाटकालगतच्या केबिनच्या दारात थांबले. सुपरवायझरनं कागद वाचला, परत वाचला. "मोठं फाटक नाही देता येणार, काका," तो म्हणाला. "मागचं घ्या, कामगारांचं. तिथं गाड्या येत नाहीत." अण्णांनी मान हलवली. गळ्यातली शिट्टी काढली, दोरी तिच्याभोवती नीट गुंडाळली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. मागच्या फाटकाला शिट्टी लागत नाही.

आता ते तिथं खुर्ची तिरपी करून बसतात, डावा कान रस्त्याकडं करून.

घरी जेवताना त्यांच्या डाव्या हाताला आई बसायची. दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी तिनं आपलं ताट उचललं आणि उजवीकडं जाऊन बसली. मी म्हटलं, "आई, तिकडून तुझं त्यांना ऐकू येणार नाही."

"माझं सगळं ऐकून झालंय त्यांचं," ती म्हणाली. "तू बस तिथं."