बाबांच्या कानाला सोसेल असा सायलेन्सर

सायलेन्सर आवाज कमी करण्यासाठी असतो, असं मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना पोरांना सांगत आले. आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांच्या मते तो आवाज वाढवण्यासाठीच असतो, आणि ज्या बाईला एवढंही कळत नाही तिने दोन सीटची गाडी घेऊच नये.

गाडी मी जुनीच घेतली, गोव्याच्या एका माणसाकडून. बुटकी, हलकी, छप्पर मागे दुमडणारी. इंजिन लहान, पण अंगात वजनच नसल्यामुळे चढावर भल्याभल्या गाड्यांना मागे टाकते. भावाने विचारलं, या वयात? वहिनीने विचारलं, बाजारहाट कुठे ठेवणार? खूश झाले ते एकटे बाबा. ऐंशी ओलांडलेले, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सगळा जन्म सायकलवर आणि एसटीत काढलेला. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी किल्ली फिरवली आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

आधीच्या मालकाने मूळचा सायलेन्सर काढून एक उघडी नळी लावली होती. बाबांच्या कानात मशीन असतं. तुम्हा-आम्हाला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो त्या मशीनमधून सुरीसारखा आत जातो. त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येईस्तोवर नुसते हसत बसले. मी बाजूने काय काय बोलत होते, त्यांना पत्ताच नव्हता. उतरल्यावर म्हणाले, गाडी छान आहे, पण मी आता बसायचो नाही. मला ते फार लागलं. बाबा मशीन घालूनच या गाडीत बसले पाहिजेत, असं मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

आधी एका गॅरेजवाल्याने घरगुती गाडीचा साधा, बंद सायलेन्सर आणून ठोकला. आवाज गेला, पण गाडीचा दमही गेला. मालवणातून वर चढताना दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकायला लागली. धूर आतच कोंडला तर इंजिन पळणार कसं? म्हणजे मला हवा होता तो मोकळा, धुराला वाट देणारा, आणि तरीही गप राहणारा. असं होऊ शकतं हे मी वाचलं होतं. शाळेतल्या मुलाला समजेल अशा भाषेत मी ते कुडाळच्या एका गॅरेजवाल्याला समजावलं. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा दुप्पट भुंकणारी नळी लावून दिली. वर म्हणतो, स्पोर्ट्स गाडीला आवाज नसेल तर लोक बघणार कसे? आणि पोलीस दिसला तर नळीच्या तोंडात बसवायला म्हणून हातावर एक लोखंडी बूच ठेवलं, पुढे गेल्यावर काढून टाका म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो ह्या मेल्यांना हल्ली नळीतून विकत घ्यावा लागतो. भर रस्त्यात मागून येऊन कानाशी फटाके फोडत जातात आणि त्याला मर्दानी म्हणतात. दवाखाना बघत नाहीत, शाळा बघत नाहीत, कुणाचा म्हातारा बाप ओसरीवर डोळे मिटून पडलाय तेही बघत नाहीत.

आरोंद्याच्या पलीकडे गोव्यात एक मोठं दुकान आहे म्हणून तिकडेही गेले. तिथल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. मिस्टर नाहीत म्हटल्यावर भावाला आणा म्हणाला. ज्याला गाडीचं बॉनेट उघडता येत नाही त्या भावाला! मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी देवगड बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांची धुराडी जोडणारा एक वेल्डर भेटला. साठीचा, मोजकं बोलणारा. मला काय हवंय ते कळल्यावर त्याने एवढंच विचारलं, "बाजूक कोण बसतलो?" आजवर एकानेही हे विचारलं नव्हतं. मी बाबांचं सांगितलं. "मगे तेंका घेवन येवा," तो म्हणाला. "कान तेंचे, पसंती तेंची."

बाबांना तयार करायला मला चार दिवस लागले. तोवर त्याने स्टीलचा लांब डबा तयार केला होता, आमच्या खाऱ्या हवेत साधा पत्रा टिकत नाही म्हणून. आत सरळ, भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती ठासून भरलेली काचेची लोकर. धूर सरळ निघून जातो, आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथेच जिरतो. डबा जोडून झाल्यावर त्याने बाबांना सांगितलं, कानात मशीन ठेवा आणि त्रास झाला की हात वर करा. पन्नासच्या वेगापर्यंत बाबा गप होते. साठला गाडी घुमायला लागली आणि त्यांनी हात वर केला. परत आलो. वेल्डरने चूक आपलीच म्हणून मान्य केली आणि इंजिनाकडून येणाऱ्या नळीच्या मधोमध आणखी एक छोटा डबा बसवला. दुसऱ्या फेरीला बाबांचा हात मांडीवरच राहिला. चढही गाडी सहज चढली.

आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने परत निघालो. छप्पर उघडं होतं, इंजिन चालू आहे हे काट्याकडे बघून कळत होतं. आचरा गेलं. साऱ्या गॅरेजवाल्यांच्या नाकावर टिच्चून मी जिंकले होते. तोंडवलीच्या जवळपास मला राहवेना. "बाबा, आता बरा वाटता मां? ऐकाक येता मां सगळा?" मी विचारलं.

त्यांनी गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला.

"गाडयेचो आवाज गेलो गो," ते म्हणाले. "मगे तू कित्याक वरडतस? घरात तुमी सगळी माझ्यावर अशीच वरडतास. माका सारखा वाटता, माझा कायतरी चुकला."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. भाऊ वरडतो, वहिनी वरडते, हे मला माहीत होतं, त्यावरून मी त्यांना बोललेही होते. मी वरडते हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आज बाबांच्या कानात मशीन होतं आणि मध्ये दुसरा कुठलाच आवाज नव्हता. संताप तर आला होता, पण ज्याच्यावर काढावा असं तिथे माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

"तुमचा काय चुकूक नाय, बाबा," मी हळू म्हटलं.

त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.