रुमालाखालची चार बोटं

तुमच्या सदरात लोक लिहितात – वडाखाली बाई दिसली, विहिरीतून हाक आली. मी वाचतो आणि पान उलटतो. बाईच्या अंगावर काय होतं, विहीर कुणाच्या मळ्यातली, हे कुणी नीट सांगत नाही. मी व्यापारी माणूस. वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय मी मान डोलवत नाही, आणि असलं काही कुणी माझ्या हातात दिलं नव्हतं... म्हणजे, त्या दिवसापर्यंत.

नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं.

मी मूळचा सांगलीच्या हळदीच्या पेठेतला हमाल. लढाई संपली तसा लष्कराचा जादा माल लिलावात निघू लागला. त्यातले चाकू आणि घड्याळं घेऊन मी पेठेच्या तोंडाशी पाल ठोकलं. चाकू म्हणजे भाजीचा चाकू नव्हे. काळी खरबरीत मूठ, एका अंगाला जाड बुटकं पातं, डबा फोडायचा दात, आणि पाठीला बोटाएवढं दाभण. गिऱ्हाईक आलं की चाकू मी दगडावर आपटायचो. घड्याळ पाण्याच्या बादलीत टाकायचो आणि त्या माणसाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसायचो. बाहेर काढलं की टिकटिक चालूच. पुढे फार बोलावं लागायचं नाही.

आता रुमालाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्या पेठेत हळदीचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा-देणारा उजवे हात आत घालतात. घेणारा देणाऱ्याची जितकी बोटं धरेल तितका आकडा. देणाऱ्याला पटलं नाही तर तो हात झटकतो. पटलं तर घट्ट दाबतो – झाला सौदा. बघणाऱ्यांना भाव कळत नाही. कागद नाही, सही नाही, आणि मागाहून फिरणंही नाही. रुमालाखाली जो खोटा निघाला त्याच्या हाताला पेठेत पुन्हा कुणी हात लावत नाही. माझ्यामागे बापजाद्यांचं काही नव्हतं. हा हात तेवढा होता. म्हणून माझ्या पालावरही मी रुमालच ठेवला.

थंडीतली सकाळ होती, पेठ भरलेली. पलूसकडचा एक म्हातारा आला. त्याला शिदूआण्णा म्हणू. अंगावर घोंगडं. आतून डाव्या हाताने त्याने एक चाकू आणि एक घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. डाव्या हाताने दिलं म्हणून मी तिथेच चिडलो होतो, पण माल बघितला आणि गप्प बसलो. काळी तबकडी, जाड काच, खाकी पट्टा. ओंजळीत अंधार करून बघितलं – आकडे काजव्यासारखे हिरवे.

"कुणाचं?" मी विचारलं.

"पोराचं हाय. मारुतीचं. इटलीत हुता पलटनीबरूबर."

"त्याने कसं सोडलं? असलं घड्याळ माणूस हातातून काढत नाही."

"चमकतंय न्हवं, म्हनूनच काढलं. राच्च्याला गस्तीला जायाचं हुतं. दुश्मनाला दिसंल म्हनून जोडीच्या गड्यापाशी दिलं. चाकू त्या गड्यानंच डबा फोडाय मागून घेतल्याला. त्यो गडी सुट्टीवर आला तवा दोनी घरात आनून दिलं."

"आणि मारुती?"

"सरकारचा कागद आला, गावला न्हाई म्हनून." म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "न्हाई गावला म्हंजी कुटंतरी असंलच की. येनार हाय त्यो. पर ही सामान घरात आलं आन लोक बघाय याय लागली. सामान आलं म्हंजी मानूस गेला, आसं म्हनत्यात. सूनबाईच्या कपाळाकडं बघत्यात. म्हनून इकायचं. आला की घील नवं."

मला त्याच्या घरचं काही करायचं नव्हतं. मला घड्याळ हवं होतं. शेजारच्या पालातला गफूर माझ्यासारखाच माल विकतो, तो कान टवकारून उभा होता. मी रुमाल झटकला.

"नाना, माजा हात जरा..." म्हातारा म्हणाला.

"हात दे म्हटलं ना! सकाळची वेळ आहे, खोळंबा नको."

घोंगडं हललं. मी रुमालाखाली हात घातला आणि हात मिळाला.

मी हजारो हात धरलेत. हमालाचा कसा, दलालाचा कसा, डोळे मिटून सांगेन. हा हात गरम होता. मोठा, कडक, तरण्या माणसाचा. मनात म्हटलं, म्हातारा दिसतो तेवढा म्हातारा नाही. दोन बोटं धरली – झटकला. तीन धरली – पुन्हा झटकला. असा झटका मला आवडतो, माणसाला मालाची किंमत ठाऊक असते. शेवटी चारी बोटं मुठीत घेतली. पहिल्या बोटाच्या मधल्या पेराला आडवा वण लागला, जाड, कोयत्याचा. मग त्या हाताने माझा हात दाबला. घट्ट, आणि नीट.

"झाला सौदा!" मी ओरडलो आणि रुमाल उचलला.

म्हाताऱ्याचं तोंड मातीसारखं झालं होतं. "न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई म्हणजे? दाबलंस की!"

त्याने उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. गुऱ्हाळावर ऊस घालताना चरकात गेलेली, खूप जुनी गोष्ट, जखमेची कातडी गुळगुळीत झालेली.

"ह्यातली कंची धरली तुमी?" त्याने विचारलं.

मग गफूर म्हणाला, "नाना, माझा बी हात धरून बघा की. दोन-चार बोटं जास्तीची गावली तर गावली!" आणि पेठ हसली. मी लाथ मारली, बादली पार रस्त्यात गेली. एका वयस्क अडत्याला लोकांनी मध्ये घातलं. त्याने म्हाताऱ्याचा हात उलटासुलटा बघितला आणि मला म्हणाला, "नाना, बोटंच न्हाईत तर दाबलं कुनी?"

"ते मला काय विचारता? मी धरलीत!"

"सौदा झाला न्हाई," अडत्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

म्हाताऱ्याने डाव्या हाताने चाकू-घड्याळ उचललं आणि गेला.

त्यानंतर माझ्या रुमालाखाली कुणी हात घालेना. हळदवाले जुने दोस्तसुद्धा म्हणत, "तोंडानं सांगा नाना, तुमच्या रुमालात लय गर्दी असती." मी महिनाभर गिळलं. मग सर्व्हिस मोटार पकडून त्याच्या गावाला गेलो – भर दुपारी, भांडायच्या तयारीने.

शिदूआण्णा सोप्यात घोंगड्यावर बसला होता. सून दाराशी शेंगा फोडत होती. कपाळावर कुंकू, चांगलं रुपयाएवढं. तिच्यामागे खिळ्याला ते घड्याळ टांगलेलं. चालू होतं.

मी म्हाताऱ्याशेजारीच बसलो आणि सुरू झालो. "पेठेत चला. सगळ्यांसमोर सांगा, रुमालाखाली हात होता म्हणून."

"कुनाचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मला काय ठाऊक कुणाचा! तुमचा नव्हता, एवढं खरं. तरण्या माणसाचा होता. बोटाला कोयत्याचा वण होता, हाडापर्यंत गेलेला—"

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

"कंच्या बोटाला?" सून म्हणाली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात घोंगड्याच्या काठाखाली माझं मनगट कुणीतरी धरलं. अंगठा आणि करंगळी, बाकी काही नाही. या वेळी मी मोजलं. म्हातारा समोर बघत होता, आणि ती दोन बोटं माझ्या मनगटात रुतत होती. पेठेत असा दाब कधी लागत नाही. तो देणाऱ्याचा नसतो, घेणाऱ्याचाही नसतो.

सून उत्तरासाठी थांबली होती.

"कुठल्याच नाही, बाई," मी म्हणालो. "वण कसला अन् काय! सौदा मोडला, लोक हसले... रागाने रचून बोललो मी."

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "चा टाकू?"

चहा घेऊन निघालो. म्हातारा रस्त्यापर्यंत आला. उसाच्या आड आल्यावर म्हणाला, "अंगठ्याशेजारचं, न्हवं?"

"हो. मधल्या पेराला. आडवा."

"ल्हान हुता तवा उसाचं वाढं तोडताना लागल्यालं." मग चालता चालता म्हणाला, "म्या हात घातला हुता, नाना. देवाशप्पत. तुमचाच हात गावला न्हाई मला. वर रुमाल हालत हुता, आन आत मला कायबी लागंना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं? मला खोटा पाडलात!"

"सांगून? उद्या तिचं कुकू मी पुसू व्हय?"

"आणि माझं काय?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मी माल बघतो तसं. "तुमी लय खमकं हाय. तुमी सोसाल. बाजारात कुनाला बोलू नगा."

असा तोट्याचा सौदा मी जन्मात केला नाही. पण घोंगड्याखालच्या त्या दोन बोटांना मी हो म्हटलं होतं. बाजारात मी आजतागायत बोललो नाही. मासिकात लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

मोटारीत शेजारी बसलेल्या एका शिकलेल्या माणसाला मी हे दुसऱ्याचं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, थंडीने बोटं बधिर होतात, भास होतो. असेल. पण बधिर बोटांना दुसऱ्याच्या घरातल्या मुलाचा वण कसा लागला, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही येत नाही. तो मुलगा अजून आलेला नाही, आणि तो गेला असंही कुठला कागद म्हणत नाही.

मी आता भाव तोंडाने ओरडून सांगतो. रुमाल तोंड पुसायला वापरतो. गफूर रोज सकाळी पंजा पसरून दाखवतो आणि मी त्याला रोज शिवी देतो. राग आहे, तो जाणार नाही. फक्त एक गोष्ट कुणीतरी मान्य करायला हवी होती – त्या हाताने सौदा केला होता, आणि मोडला तो त्याने नाही.