इनास, पेंढी आणि निळी खुर्ची

लीनाचा फोन आला तेव्हा मी अळूची पानं धूत होते. "मावशी, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला, तर "पेंढी कुठं आहे?" साठ वर्षं शेजारी राहिलेला, शाळेत माझ्याच वर्गात बसलेला मित्र इनास गेल्याचं कळतं आणि ही बाई त्याच्या कुत्रीची चौकशी करते! नंतर मी बरीच सारवासारव केली, लीनानंही मनावर घेतलं नाही. पण इनास ऐकत असता तर म्हणाला असता, "सुमन, बरोबर विचारलंस." त्याला आता दोन महिने झाले. तो प्रश्न मी का विचारला, हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

नंदाखालला, म्हणजे आमच्या गावात, आमची आणि इनासची वाडी लागून. मधे मेंदीचं कुंपण, तेही नावापुरतं. त्याच्या केळीची पानं आमच्याकडं वाकलेली, आमच्या कोंबड्या त्याच्याकडं चरायला. नोकरीतून सुटल्यावर इनास पूर्णवेळ वाडीत रमला होता. मेरी, त्याची बायको, गावातल्या मुलींना शिवण शिकवायची. चार वर्षांपूर्वी तिची आठवण उसवायला लागली. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग वार चुकायला लागले, मग माणसं. शेवटी तिला एकच गोष्ट पक्की आठवत राहिली, ती म्हणजे गासला जायचंय, माहेरी. तिथं आता तिचं कोणी उरलं नव्हतं, पण ही दिवसातून दोनदा चपला घालून निघायची आणि इनास सायकल काढून मागे धावायचा. "कडी लावून ठेव दाराला," मी एकदा म्हणाले. तो माझ्यावर असा उखडला! "ती काय कोंबडी आहे डालायला? तिचं घर आहे ते."

अशात पेंढी आली. लीना आणि तिचा नवरा उत्तर फ्रान्समध्ये काही वर्षं होती, तिथं त्यांनी ही कुत्री पाळलेली. ती दोघं पुण्यात फ्लॅटवर राहायला आली तेव्हा ही दिवसभर दाराशी बसून रुसायची, म्हणून नंदाखालला आणली. फ्रान्सचं कुत्रं बघायला अख्खी आळी जमली आणि सगळ्यांची निराशा झाली. वाळल्या पेंढ्याच्या रंगाचे राठ, विस्कटलेले केस, डोळ्यांवर झुबकेदार भुवया, ताठ कान आणि टोकाला वळलेली शेपटी. "विमानानं आणली ही?" आळीतला एक जण म्हणाला. "अशी चार आमच्या नाक्यावर आहेत, फुकट न्या." लीना बिचारी समजावत राहिली की ही बर्जे पिकार जात, पिकार्दीच्या मेंढपाळांची, दोन महायुद्धांत जवळजवळ संपलेली, फ्रान्समध्येसुद्धा सगळ्यांना ओळखता येत नाही. इनास सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे आपल्या घरच्या बोलीसारखी. थोडी उरलीय, पण हट्टी आहे." तिचं फ्रेंच नाव त्याच्या जिभेवर बसेना. त्यानं पेंढी म्हणायला सुरुवात केली आणि ती दुसऱ्या दिवसापासून ओ द्यायला लागली.

कुत्र्यांशी माझं कधी जमलं नाही, हे इथंच कबूल करते. त्यात इनासनं सुरुवातीला चुकांची माळच लावली. चर्चचा सण आला, पाहुणे येणार, तेव्हा फ्रान्सची पोर नीटनेटकी दिसावी म्हणून त्यानं तिला घरच्या नारळाचं वाटीभर तेल चोपडलं आणि मधोमध भांग पाडला! आमच्या गावात तेलानं सुधारत नाही अशी वस्तूच नाही. पेंढी तशीच वाडीत जाऊन लोळली. पाहुणे आले तेव्हा केळीचा अर्धा पाचोळा तिच्या अंगावर होता. लीना व्हिडिओ कॉलवर डोक्याला हात लावून म्हणाली, "पप्पा, तिचे केस राठच असायला हवेत, पाऊस आणि माती त्यावरून घसरते!" त्या तेलाचा वास महिनाभर गेला नाही.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पेंढी लोकांना आडवी यायची. कोणी वाडीत इकडंतिकडं गेलं की मागून फिरून गुडघ्याला खांदा लावायची आणि ढकलायची. इनासच्या बदकांना तर ती दिवसातून दहा वेळा कोपऱ्यात गोळा करायची. मला एकदा ढकललं तेव्हा मी बोंब मारली, "चावते ही!" माझ्या त्या ओरडण्यावरून इनासनं तिला नारळाला बांधलं. त्याच दुपारी मेरी बावखलाकडं गेली. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायचं आमचं जुनं तळं, काठ सगळा शेवाळलेला. इनास मागच्या बाजूला विड्याच्या पानांचे वेल बांधत होता. पेंढी अशी भुंकली की आम्ही दोघंही धावलो. बघतो तर दोरी तुटलेली, मेरीचा एक पाय पाण्यात आणि पेंढी तिच्या आणि पाण्याच्या मधे आडवी उभी, खांद्यानं तिला मागे रेटते आहे. दात नाही, ओरखडा नाही. इनासनं मेरीचा हात धरून तिला काठावर घेतलं. "सुमन, ही चावत नव्हती गं," तो म्हणाला. "ही आपल्याला जमवत होती." मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. आजही वाटते.

मग इनास तिच्याकडून शिकायला लागला. लीनाला विचारून, स्वतः बघून, त्याच्या लक्षात आलं की ही पोर हुकमाची ताबेदार नाही. ओरडलं तर तोंड फिरवून बसते. पण तिला काम आणि कामाची जागा दिली की सांगावं लागत नाही. "मेंढरं गोळा करून आणायची कुठं, ते तिला कळलं पाहिजे," तो म्हणायचा. "जागा नसेल तर ती कशाला आणील?" त्यानं जागा ठरवली. निळ्या नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खुर्ची तो रोज संध्याकाळी ओट्यावर मांडून बसायचा. चर्चची सांजेची घंटा झाली की पेंढी उठायची, वाडीभर फिरायची आणि मेरी जिथं असेल तिथून तिला खुर्चीपाशी घेऊन यायची. कधी गासच्या रस्त्याच्या वळणावरून सुद्धा. मेरीला ढकलतंय कोणी असं वाटायचंच नाही, आपणच फिरून घरी आलो असं वाटायचं. मग प्रार्थना. त्यांच्यात प्रार्थनेनंतर लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा असतो. घरात लहान कोणी नाही, म्हणून इनास पेंढीच्याच डोक्यावर हात ठेवायचा. "देव तुझं भलं करो." मी कुंपणापलीकडून चिडवायचे, "बाप्तिस्मा कधी आहे हिचा?"

त्याचं हृदय थकलंय हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. "मेरीला या वाडीतून हलवू नका. पुण्यात चौथ्या मजल्यावर ती दार शोधत बसेल. पेंढी आहे तोवर ती इथं राहू शकते. तू पेंढीला समजून घे, सुमन." मी म्हणाले, "मला कुत्र्यांचं काय कळतंय?" तो हसला. "तिला कुत्रं समजू नकोस, शेजारीण समज. तुला भांडायलाही बरं." मी हो म्हणाले.

तो गेल्यावर सगळं बिनसलं. लीनाला वडिलांच्या वस्तू बघवेनात. तिनं त्याचे कपडे, टोपी, ती खुर्ची, सगळं माळ्यावर टाकलं. पेंढी फाटकाशी बसून राहिली. घंटा व्हायची, ती कान टवकारायची आणि परत मान खाली. मेरी दोनदा निघून गेली. एकदा मला नाक्यावर सापडली, एकदा एका रिक्षावाल्यानं आणून सोडली. लीना रडत म्हणाली, "मावशी, पप्पांच्या महिन्याची चर्चमध्ये मिस्सा होईपर्यंत थांबते. मग आईला पुण्याला नेते. पेंढीला कोणाच्या तरी फार्महाऊसवर देऊ." तिचं काय चुकलं? पण मी शब्द दिलेला. मी पेंढीला बिस्किटं दिली, दटावलं, घंटेच्या वेळी तिच्यापुढं चालूनही दाखवलं. ती माझ्याकडं बघायची ती कीव केल्यासारखी.

मिस्सेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला इनासचं ते मेंढरांच्या जागेचं वाक्य आठवलं आणि मी स्वतःला चार शिव्या घातल्या. जागा! जागाच आम्ही माळ्यावर टाकली होती. लीना नको नको म्हणत असताना मी शिडी लावली, या वयात, आणि ती निळी खुर्ची खाली काढून ओट्यावर होती तिथं मांडली. मेरी तेव्हा वाडीच्या पार टोकाला पोचली होती, चपला घालून. लीना धावणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. घंटा झाली... पेंढीनं मान वळवून खुर्ची बघितली. उठली. अंग झाडलं. आणि केळींमधून गेली.

थोड्या वेळानं दोघी आल्या. मेरी पुढं, पेंढी अर्धं पाऊल मागे. मेरी खुर्चीत बसली आणि पेंढीनं तिच्यापुढं डोकं खाली केलं. मेरीला वर्षभरात पुरती प्रार्थना आठवली नव्हती, माझं नाव तर कधीच गेलेलं. तिनं त्या राठ डोक्यावर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, "देव तुझं भलं करो." लीना ओट्याच्या पायरीवरच बसली. तिथूनच म्हणाली, "मावशी, आईला इथंच राहू दे." इनास गेल्यापासून त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

आता दिवसरात्र मेरीजवळ एक बाई असते, लीना दर शनिवारी येते आणि खुर्ची मी दुपारीच मांडून ठेवते, विसरायला नको म्हणून. परवा कुंपणाशी पडलेली लिंबं वेचत होते. घंटा झालेली मला ऐकू आली नाही. मागून गुडघ्याला एक ओळखीचा खांदा लागला. या वेळी मी बोंब मारली नाही. लिंबं ओच्यात घेतली आणि मुकाट्यानं खुर्चीकडं चालू लागले.