अबोल्याला इंग्रजीत काय म्हणतात?

मंडळी, आज दुपारी क्लासमध्ये मी एका शब्दापाशी अडले.

गोखिवऱ्यात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. होळी गावचे नाना तिथे येतात. सत्तरीतला माणूस, भाजीची वाडी करतो. परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून शिकतोय.

आज मी फळ्यावर डिसअ‍ॅग्रीमेंट, क्वॉरल, कॉन्फ्लिक्ट असे शब्द लिहिले. नाना म्हणाले, "बाई, यातला माझा कुठला? गेल्या आठवड्यात धाकटा भाऊ गेला. नातू फोनवर विचारतो, तुम्ही दोघं बोलत का नव्हता?"

"कशावरून भांडलात, नाना?"

"भांडन झालंच नाय. वाटनीच्या वेळी तो गप बसला, मग मीपन गप बसलो. बारा वर्सं गेली. भांडलो असतो तर मिटलं तरी असतं."

मी 'एस्ट्रेंज्ड' लिहिलं, म्हणजे दुरावलेले. नानांनी तो शब्द वहीत उतरवला, दोनदा उच्चारून पाहिला आणि रडू लागले. क्लास तिथेच थांबवला.

घरी आल्यापासून मी ताईचा नंबर समोर धरून बसलेय. आमचंही भांडण झालेलं नाही. तीन वर्षांनी फोन केल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं असतं? कुणी सांगाल का?