खडीवाडीतली शेवटची चूल

खडीवाडीला गाव म्हणायचं तर हसू यायचं. ना वेस, ना मारुती, ना पाटील. मतदान शेजारच्या गावात, रेशनही तिथलंच. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं तलावाचं काम काढलं, खडी फोडायला चहूकडून माणसं आली, त्यातली काही परत गेलीच नाहीत. झाली वाडी! आणि ती राहिली कुणापायी, तर एका गुरम्मापायी.

गुरम्मा कंधारकडची लिंगायताची बाई. कडेवर तान्हं पोर घेऊन नवऱ्यासंगं कामावर आली. कामावर वाटायची ती कोरडी सुकडी खाऊन दूध कुठलं उतरतंय! मायलेकरं दोघंही तापानं फणफणली. माय वाचली, पोर गेलं. लिंगायतात जाळत नाहीत, पुरतात. तिला भान नव्हतं, म्हणून नवरा चन्नबसप्पा एकटाच पोर घेऊन गेला. ती उठून बसल्यावर त्यानं माळावरचा दगडांचा ढीग दाखवला. "हितं निजवलं."

काम संपलं तेव्हा गुरम्मा म्हणाली, "म्या येत न्हाई. लेकरू हितं हाय." रडली नाही. तिच्या आत ओल म्हणून उरलीच नव्हती. नवरा थांबला, त्याच्या ओढीनं आणखी काही घरं थांबली. दर सोमवारी ती ढिगाला भस्म लावायची आणि कामाला लागायची.

पुढं लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि साहेबांच्या जीपा इकडंही धुरळा उडवू लागल्या. तलावाची पाळ उंच करायची ठरली. त्या सालीही पावसानं दडी मारलेली, तलावात भेगा. जो भरतच नाही त्याची उंची वाढवायची, आता बोला! पण पाळ वाढली की वाडी बुडणार, म्हणून सडकेला जागा मिळणार होती, नळ येणार होता. अट एकच, सगळी घरं उठली पाहिजेत. सगळे तयार झाले. गुरम्मा ढिगापासून हलेना. बाया पाया पडल्या, बाप्ये चिडले. शेवटी लिंगायतांचे जंगम वीरभद्र स्वामी, त्यांना बोलावलं.

"माय," स्वामी म्हणाले, "समाधीची मूठभर माती घे. लेकरू तुझ्यासंगं येईल."

ढिगावरचा एक दगड उचलत ती म्हणाली, "बरं."

दगड बाजूला केले. पहार मारली तर खण्णकन वाजली. टीचभर मुरूम आणि खाली अखंड कातळ. चारी बाजूंना तेच. तिथं मांजराचं पिल्लूही पुरता आलं नसतं. सगळ्यांनी चन्नबसप्पाकडं पाहिलं.

"पहार चालंना गा तवा," तो खाली मान घालून म्हणाला. "पोटात अन्न नव्हतं. पाळीवर भराव पडून राहिला व्हता, माती भुसभुशीत..." त्यानं तलावाच्या पाळीकडं बोट केलं.

गुरम्मानं त्याला शिवीसुद्धा दिली नाही. घरी आली, भाकरी थापल्या, त्याला वाढल्या. मग चूल पाडली आणि भांडी बांधली.

सकाळी गाड्या निघाल्या. वाडीतून सडकेला जायची वाट पाळीवरूनच होती. गुरम्मा पाळीपाशी आली, थबकली, आणि डोक्यावरचं गाठोडं सावरत उताराला लागली. कोरड्या तलावातून लांबचा फेरा घेऊन चालू लागली.

"गुरम्माक्का, हिकडून या की!" वरून बाया ओरडल्या.

"लई वर्सं तुडवलं म्या त्याला," ती मागं न बघता म्हणाली. "आता न्हाई."

चन्नबसप्पाही पाळीवरून खाली उतरला आणि तिच्या मागं चालू लागला.