बार्बाडोस, नाना आणि बिनविरोध

मंगळवारी संध्याकाळी आमच्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या घरात बार्बाडोसची संसद भरली होती.

लेकीचं, ईराचं, दुसऱ्या दिवशी शाळेत रेफेराट, म्हणजे वर्गासमोर तोंडी सादरीकरण, होतं. विषय, या चिमुकल्या कॅरिबियन देशाचा राज्यकारभार. सराव म्हणून ती सोफ्यावर बसलेल्या आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नानांना, ऐकवत होती.

ईराला मराठी समजतं, पण उत्तरं जर्मनमध्ये. नानांना जर्मन ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मधे दुभाषी मी. नाना येऊन दोन महिने झाले, पण आजोबा-नातीचं असं बोलणं पहिल्यांदाच चाललं होतं... ते बिघडू नये एवढीच माझी धडपड.

राणीला निरोप देऊन देश प्रजासत्ताक झाला, राष्ट्राध्यक्ष आले, खरी सत्ता पंतप्रधानांकडे... इथवर सगळं सुरळीत. मग ती म्हणाली की तिथे एकाच पक्षानं सगळ्याच्या सगळ्या जागा जिंकल्या, समोर विरोधक म्हणून बसायला कुणी उरलंच नाही.

नाना एकदम खुलले. "वा! म्हणजे बिनविरोध! मीसुद्धा सरपंच झालो तो बिनविरोधच. गावभर पेढे वाटले होते."

ईराच्या कपाळावर आठी. तिथे विरोधक उभे राहिले होते आणि हरले, हे तिनं सांगितलं. आणि पुढे जर्मनमध्येच विचारलं, "तुमच्याकडे कुणी उभंच राहिलं नाही? लोकांना भीती दाखवली होती का?"

आल्झो, आता आली का पंचाईत... हे मी सासऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू? मी हसत म्हणाले, "नाना, ती विचारतेय, बाकी कुणाला हौस नव्हती का?"

"आई, मी असं नाही विचारलं." बाईसाहेबांनी मला तिथल्या तिथे पकडलं. मग नानांकडे वळून, एकेक शब्द जुळवत, मराठीत... "आजोबा, कोणाला भीती दाखवली?"

नानांचा राग अख्ख्या गावाला ठाऊक आहे. माझा जीव टांगणीला लागला.

"एक जण उभा राहणार होता," नाना खाली बघत म्हणाले. "आम्ही चौघं त्याच्या घरी गेलो. चहा घेतला. त्याचा पोरगा आमच्या दूध सोसायटीत कामाला होता... तेवढी फक्त आठवण करून दिली." मग मान वर करून, "दाखवली म्हणायची, बाळा. भीतीच ती."

मला वाटलं, संपलं सगळं. ही आता आजोबांशी बोलायची नाही... पण ईरा त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तोडक्यामोडक्या मराठीत विचारत राहिली. तो माणूस अजून गावात आहे का, तुम्ही त्याच्याशी बोलता का. नाना उत्तरं देत गेले, अडखळत, पण देत गेले. मला कुणी मधे बोलावलंच नाही.

त्या पेढ्यांची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. घरात कुणाला हा प्रश्न सुचला नाही... सुचला असता तरी विचारायची हिंमत कुणात होती? लेकीचा अभिमान वाटलाच, पण नानांनी उत्तर दिलं याचं मला जास्त अप्रूप आहे.

ही पोस्ट टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवली. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "टाक. त्याचं नाव तेवढं नको, त्याला पुन्हा त्रास नको. माझं खुशाल घाल."